काचेतून जाणारा प्रकाश आणि संगणकीय चित्रण : कॉस्टिकच्या समस्येचे विवेचन

प्रस्तावना :
पाण्याने भरलेला काचेचा पेला उन्हात ठेवला असता त्याच्या सावलीत तेजस्वी वक्ररेषा उमटतात. अपवर्तित वा परावर्तित किरण एकवटून निर्माण होणाऱ्या या आकृतीस 'कॉस्टिक' म्हणतात. निसर्गात सहज घडणारी ही घटना संगणकीय चित्रणात दीर्घकाळ दुःसाध्य ठरली. प्रस्तुत लेखात त्याची कारणमीमांसा केली आहे.

अपवर्तनाचे गणित :
स्नेलच्या नियमानुसार, हवेतून १.५ अपवर्तनांकाच्या काचेत ३० अंशांच्या कोनात शिरणारा किरण काचेत स्तंभिकेशी सुमारे १९.५ अंशांचा कोन करतो. काचेतून बाहेर पडताना आपतन कोन सुमारे ४१.८ अंशांहून अधिक असल्यास पूर्ण आंतरिक परावर्तन घडते. ही सूत्रे सर्वपरिचित आहेत. अडचण सूत्रांची नसून किरणाचा मार्ग शोधण्याची आहे.

मार्गाची समस्या :
टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये मांडलेल्या रे ट्रेसिंग पद्धतीत किरण नेत्राकडून दृश्याकडे, म्हणजे उलट दिशेने, सोडला जातो. त्यामुळे काचेपलीकडील वस्तू यथायोग्य दिसते. मात्र मेजावरील बिंदू प्रकाशित आहे काय, हे तपासताना दिव्याकडे सरळ रेषा काढली जाते. काच अपारदर्शक मानल्यास तेथे गडद सावली मिळते, पारदर्शक मानल्यास फिकट सावली. एकवटलेला प्रकाश मात्र कधीच मिळत नाही. जेम्स काजिया यांच्या १९८६ च्या पाथ ट्रेसिंग पद्धतीत मेजावरून यादृच्छिक दिशांना किरण जातात. परंतु काचेतून वळून लहानशा दिव्यावर नेमका पोहोचणारा किरण विरळाच. दिवा बिंदुरूप असल्यास ही संभाव्यता शून्य होते.

उपाय आणि त्याची किंमत :
यावरील उपाय म्हणजे दिव्यापासून आरंभ करणे. १९८६ मध्येच जेम्स आर्वो यांनी ही दिशा दाखविली. हेन्रिक वान येन्सेन यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास 'फोटॉन मॅपिंग' विकसित केले. त्यात दिव्यातून सोडलेले फोटॉन काचेतून वळून जेथे पडतात, तेथे त्यांची नोंद होते. त्या नोंदींच्या घनतेवरून प्रकाशमान ठरते. मात्र आसपासच्या फोटॉनांची सरासरी घेतल्याने कॉस्टिकची तीक्ष्ण कड पुसट होते. फोटॉन वाढविल्यास अचूकता वाढते. तसेच स्मृती व वेळ यांचा व्ययही वाढतो.

समारोप :
मेजावर तेजस्वी रेषांचे आयते चित्र चिकटवूनही प्रेक्षकाचे समाधान करता येते. तथापि काच स्वतः प्रकाश निर्माण करीत नाही. कॉस्टिक उजळते ते भोवतालची सावली गडद होते म्हणूनच. भिंगे व दीपयोजनेच्या आराखड्यात हा हिशेब जुळणे अनिवार्य ठरते. म्हणून संगणकीय चित्रण शिकविताना 'खरे दिसणे' आणि 'खरे असणे' यांतील भेद विद्यार्थ्यांसमोर स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे.