तरंड, गळाचे

गळाने मासे धरताना दोरीवर बसविलेली, पाण्यापेक्षा हलकी अशी तरंगती वस्तू म्हणजे तरंड होय. तरंड आमिष ठराविक खोलीवर टांगून ठेवते आणि माशाने आमिषाला तोंड लावल्याची सूचना देते. ही दोन्ही कार्ये तरंडाच्या आकारापेक्षा त्याला दिलेल्या भारावर अधिक अवलंबून असतात. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या गळविद्येवरील एका पुस्तिकेत बुचाला तापलेल्या बारीक सळईने भोक पाडून त्यात पिसाची नळी बसविण्याची कृती दिलेली आहे. आता बूच, पिसाचा दांडा, बाल्सा लाकूड, भेंड, प्लॅस्टिक इ. पदार्थ वापरतात.

मांडणी : काठीच्या टोकाकडून अनुक्रमे तरंड, शिशाचे मणी व गळ असा क्रम असतो. दोरी बहुधा एकपदरी नायलॉनची (तंगूस) असते. चिरलेले मणी तिच्यावर हलकेच दाबून बसवितात.

भार : आर्किमिडीज तत्त्वानुसार ४ घ. सेंमी. घनफळाचे व १ ग्रॅ. वजनाचे तरंड आणखी ३ ग्रॅ. भार पेलू शकते. शिशाचे पाण्यातील वजन हवेतील वजनाच्या सु. ९१% भरते. त्यामुळे ३.२ ग्रॅ. शिसे लावल्यास तरंडाचे केवळ टोक वर राहते व ते बुडविण्यास सु. ०.०८ ग्रॅ. इतकीच ओढ पुरते. शिसे १ ग्रॅ. लावल्यास सु. २.१ ग्रॅ. ओढ लागते; हा विरोध जाणवताच सावध मासा आमिष सोडून देतो. म्हणून तरंड जेमतेम तरंगेल इतका भार देणे इष्ट असते.

खोली : तरंड व गळ यांमधील अंतरावर आमिषाची खोली ठरते. कटला मुख्यतः वरच्या थरात, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरतो. त्यानुसार हे अंतर बदलतात. तळ शोधण्यासाठी गळाला तात्पुरते जड वजन अडकवितात. तरंड पाण्याखाली ओढले गेल्यास अंतर कमी, तर आडवे पडल्यास जास्त आहे असे समजावे. पाणी काठीच्या लांबीपेक्षा खोल असल्यास सरकते तरंड वापरतात. दोरीवरील गाठीपाशी ते अडते; ही गाठ काठीवरील कड्यांतून जाण्याइतकी बारीक असते, त्यामुळे दोरी गुंडाळताना अडचण येत नाही.

बांधणी : तळ्यात वारा असल्यास तरंड फक्त खालच्या टोकाशी बांधून दोरी पाण्याखाली बुडवितात, अन्यथा वाऱ्याने दोरीबरोबर आमिषही सरकते. वाहत्या पाण्यात ते दोन्ही टोकांशी बांधतात, म्हणजे दोरी मागे धरून त्याचा वेग आवरता येतो.

सूचना : मासा लागल्यावर तरंड बुडतेच असे नाही. तळाजवळचे आमिष उचलताना माशाने शेवटचा मणीही उचलला, तर तेवढा भार कमी होऊन तरंड वर येते किंवा आडवे पडते. ही खूण न ओळखल्यास मासा हातचा जातो.

शिशाचे पर्याय : अन्न दळण्यासाठी खडे गिळणारे हंस पाण्यात पडलेले शिशाचे मणीही गिळतात व विषबाधेने मरतात. यामुळे ब्रिटनमध्ये १९८७ पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅ. वजनाच्या शिशाच्या भारांच्या विक्रीवर बंदी आली. त्यांऐवजी कथिल, टंगस्टन इ. धातू वापरतात. कथिलाचा मणी तितक्याच वजनाच्या शिशाच्या मण्यापेक्षा आकाराने मोठा असून पाण्यात अधिक हलका भरतो. म्हणून धातू बदलल्यावर तरंडाचा भार पाण्यात सोडून पुन्हा जुळवावा लागतो.