बाद्यानाचा माग

गोड्या मसाल्यासाठी आई बाद्यान नेहमी अख्खं आणते. आठ चिमुकल्या होड्या मध्यावर टोकं जुळवून बसाव्यात तशी ती चांदणी. प्रत्येक होडीत एक तुकतुकीत तपकिरी बी. चक्रीफूल म्हणतात, पण ते फूल नव्हे. हिरवं असताना तोडून उन्हात वाळवलेलं फळ आहे ते.

झाड सदाहरित, दक्षिण चीनमधल्या ग्वांगशी आणि उत्तर व्हिएतनाममधल्या लांग सोनच्या डोंगरांतलं. तिकडे ते मांसाच्या रश्श्यात पडतं, पंचमसाल्यात पडतं, पोट फुगलं तर काढ्यातही उकळतं. १५८८मध्ये थॉमस कॅव्हेंडिश पृथ्वीप्रदक्षिणेहून परतला, तेव्हा त्याच्या जहाजातून हे फळ इंग्लंडला पोचलं. आपल्याकडे आलेलं नाव फारसी. ‘बादियान’ म्हणजे खरं तर बडीशेप. वासावरून ते या फळालाही चिकटलं.

त्याचं जपानी भावंड म्हणजे शिकिमी. दिसायला जवळपास तसंच, पण विषारी. जपानात त्याच्या डहाळ्या थडग्यांवर वाहतात, सालीच्या भुकटीचा धूप करतात. खात मात्र कोणी नाही. शास्त्रज्ञही या दोघांत दीर्घकाळ गोंधळले. शेवटी १८८८मध्ये जोसेफ हूकरने खाण्याच्या झाडाला ‘इलिशियम व्हेरम’ असं वेगळं नाव दिलं. व्हेरम म्हणजे खरं. नाव वेगळं झालं तरी भेसळ थांबली नाही. २००३मध्ये अमेरिकेत तान्ह्या बाळांना पोटदुखीवर या फळाचा चहा पाजला गेला आणि काहींना झटके आले. सरकारला इशारा द्यावा लागला. पूड झाली की नुसत्या नजरेने दोन्ही वेगळी ओळखणं अशक्य. आईचा अख्ख्या फळाचा हट्ट मला म्हणूनच पटतो.

१८८५मध्ये आइकमन या डच रसायनतज्ज्ञाने विषारी शिकिमीतूनच एक आम्ल वेगळं काढलं: शिकिमिक आम्ल. खाण्याच्या बाद्यानातही ते भरपूर असतं, आणि शंभरहून अधिक वर्षांनी टॅमिफ्लू हे फ्लूवरचं औषध बनवायला तेच कामी आलं. २००५मध्ये बर्ड फ्लूच्या धास्तीने या औषधाची मागणी वाढली, तशी बाद्यानाचीही ओढाताण झाली. पुढे जिवाणूंकडूनही हे आम्ल करून घेता येऊ लागलं.

२००९च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला. नायडू रुग्णालयाबाहेर तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसांच्या रांगा लागल्या. त्या दिवसांत कोणी बाद्यानाचा काढा सुचवला की मला काळजी वाटायची. नुसत्या आम्लाने फ्लूचा विषाणू अडत नाही. कारखान्यात अनेक रासायनिक पायऱ्या ओलांडल्यावरच त्याचं औषध होतं. रांगेतल्या माणसाला हवी होती ती गोळीच.