चष्मा जातो, डोळा तोच राहतो

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून दरसाल दोन फौजा बाहेर पडतात. पहिली फौज कोयत्यांची. ट्रकवर, ट्रॅक्टरवर, बैलगाडीवर संसार लादून ती पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरते. दुसरी फौज या पहिल्या फौजेच्याच पोटची. आईबापांच्या हातचा कोयता आपल्या हाती येऊ नये, म्हणून पाटोदा, गेवराई, धारूर, केजच्या रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात धावणारी ही मुले आणि मुली. कुणाला पोलिसांत जावयाचे, कुणाला सैन्यात, कुणाला रेल्वेत. छाती भरते, धाव वेळेत बसते, लेखी परीक्षाही निभावते. आणि वैद्यकीय तपासणीच्या दिवशी भिंतीवरच्या तक्त्यातील खालच्या ओळी नेमक्या पुसट होतात!

अशा वेळी कुणीतरी कानाशी लागतो, "अरे, लेझर मारून घे. दहा मिनिटांचे काम. चष्मा गेलाच म्हणून समज!" मुलीचे लग्न जमत नसले म्हणजे हाच सल्ला तिच्या वडिलांनाही मिळतो.

सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. त्याचा राहिलेला अर्धा भाग वाचकांपुढे ठेवावा, एवढ्यासाठी हा लेख.

सणाच्या ताटातून निघालेला शोध

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्या खेड्यापाड्यांतून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेलाही सर्रास 'लेझर' म्हणतात. आजोबांचा मोतीबिंदू 'लेझरने' काढला, मग नातवाला भय कसले, असा हिशेब त्यातून निघतो. वास्तविक आजोबांचा मोतीबिंदू बहुधा ध्वनिलहरींनी फोडून काढलेला असतो. आणि मुख्य भेद असा, की मोतीबिंदू हा रोग आहे. त्यावर शस्त्र चालविले नाही, तर दृष्टी जाते. चष्म्याच्या नंबरासाठी लेझर चालते ते मात्र धडधाकट डोळ्यावर. म्हणून तेथे जोखमीचा विचार अधिक कडक असावयास हवा.

या लेझरच्या शोधाशी एका भारतीयाचे नाव जोडलेले आहे. मद्रासकडचे रंगस्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेत आय. बी. एम. कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. १९८१ च्या नोव्हेंबरात 'थँक्सगिव्हिंग'च्या सणाला टर्कीचे जेवण झाले. दुसऱ्या दिवशी त्यातला उरलेला तुकडा त्यांनी प्रयोगशाळेत नेला आणि त्यावर एक्सायमर लेझरचे अतिनील किरण सोडले. आजूबाजूचे मांस न होरपळता किरणांनी नेमका हवा तेवढाच भाग उडविला. १९८३ साली नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासह त्यांनी हे तंत्र डोळ्याला लागू पडते असे दाखविले. १९८८ मध्ये मार्गरेट मॅक्डोनल्ड या डॉक्टरीणबाईंनी ते प्रथम माणसाच्या पाहत्या डोळ्यावर वापरले. पुढे ग्रीसचे पालिकारिस यांनी बुबुळाचा पापुद्रा उचलून त्याखाली लेझर चालविण्याची रीत रूढ केली. तीच आजची 'लॅसिक'.

त्याआधीची एक जपानी हकीकत मात्र विसरू नये. १९३९ च्या सुमारास डॉक्टर सातो यांनी बुबुळाला आतबाहेरून चिरा देऊन नंबर घालविण्याचा उपाय काढला. रुग्ण खूष झाले. पुढे वीसेक वर्षांनी त्यांतील पुष्कळांचे बुबुळ सुजून गढूळ झाले. आजचे लेझर त्या चिरांहून कितीतरी सुरक्षित आहे. तरी डोळ्याच्या शस्त्रक्रियेचा खरा निकाल पट्टी सोडल्या दिवशी लागत नाही, एवढा बोध त्या हकीकतीतून घेतलाच पाहिजे.

पडद्याचा जमाखर्च

डोळ्याच्या दर्शनी भागी घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी सुमारे ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. मायनस नंबराच्या माणसाचा डोळा बहुधा लांबट असतो, त्यामुळे प्रतिमा आतल्या दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. लेझर हा पडदा मधोमध तासून चपटा करते आणि प्रतिमा मागे ढकलते.

आता जमाखर्च मांडून पाहा. एक नंबर उतरविण्यास साधारण १२ ते १५ मायक्रॉन पडदा खर्ची पडतो. पापुद्र्यासाठी सुमारे १०० ते १२० मायक्रॉन जातात. खाली निदान २५० मायक्रॉनचा पाया शाबूत राहिला पाहिजे. सावध डॉक्टर ३०० धरून चालतात. एखाद्याचा पडदा मुळात ४८० चा आणि नंबर आठ असेल, तर पाया २६० च्या आसपास येऊन ठेपतो. अशा माणसाला जो डॉक्टर "तुम्हांला लेझर नको" म्हणतो, तो त्याचा हितकर्ताच समजावा. कारण गेलेला पडदा पुन्हा उगवत नाही.

काहींचा पडदा मुळातच दुबळा असून हळूहळू शंकूसारखा पुढे येतो. या विकाराला केराटोकोनस म्हणतात. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढील साडेचार हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यांत शेकडा २.३ लोकांच्या पडद्याचा बाक या विकाराचा संशय यावा इतका आढळला. असा पडदा न ओळखता तासला, तर तो आणखी फुगतो, आणि मग साधा चष्माही नीट लागू होत नाही. म्हणूनच पडद्याचा नकाशा काढल्यावाचून लेझर करून घेणे म्हणजे ठाव न घेता विहिरीत उडी टाकणे होय. ज्याला सारखे डोळे चोळण्याची खोड आहे, त्याने तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

पश्चात्ताप कशाकशाचा?

लेझर करून घेतलेले बहुतेक लोक समाधानी असतात, हे प्रथमच सांगितले पाहिजे. अमेरिकन सरकारने नौसैनिकांवर आणि नागरिकांवर जी पाहणी करविली, तिच्यात ९५ टक्क्यांहून अधिक लोकांनी आपल्या दृष्टीबद्दल समाधान व्यक्त केले. परंतु त्याच पाहणीत दुसरीही गोष्ट निघाली. आधी ज्यांना दिव्याभोवती वलये, चकाकी, दुहेरी प्रतिमा असला कसलाच त्रास नव्हता, त्यांतील ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी यांपैकी एखादा तरी त्रास जाणवत होता. उलटपक्षी, आधी त्रास असलेल्या पुष्कळांचा तो नाहीसाही झाला. रोजचे काम करणे कठीण व्हावे इतका त्रास शंभरात एकालाही झाला नाही. आकडा लहान खरा. पण तो एक आपल्या घरातला निघाला, म्हणजे त्या घराला टक्केवारीचे समाधान पुरत नाही.

दुसरा त्रास कोरड्या डोळ्यांचा. पापुद्रा कापताना पडद्यातील बारीक मज्जातंतू तुटतात आणि डोळ्याला ओलाव्याची वर्दी पोचेनाशी होते. पुष्कळांचा हा त्रास काही महिन्यांत ओसरतो, काहींचा रेंगाळतो. बालाघाटच्या माथ्यावर चैत्र-वैशाखाचा फुफाटा आणि मोटारसायकलवरचा वारा सोसणाऱ्या माणसाने याचा विचार आधीच करावा. क्वचित एखाद्याच्या डोळ्यात डॉक्टरांना काही दिसत नाही, पण आग मात्र थांबत नाही. ही मज्जातंतूंची वेदना असते, आणि तिच्यावरचे उपचार दीर्घ व कष्टाचे असतात.

तिसरी गोष्ट पापुद्र्याची. तो जागी बसतो, पण पूर्वीसारखा एकजीव कधीच होत नाही. जबर मार लागून वर्षांनंतरही तो सरकल्याच्या नोंदी आहेत. उसाच्या फडात पाते डोळ्याला लागणे ही नित्याची गोष्ट. कुस्ती-कबड्डीत बोट लागणेही तसेच. अशांनी पापुद्रा न उचलता वरूनच लेझर करण्याच्या किंवा बारीक चिरेतून आतला थर काढण्याच्या पद्धतीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

या सर्वांत मोठा गैरसमज निराळाच आहे. नंबर गेला म्हणजे डोळ्याचा दोष गेला असे लोक धरून चालतात. लांबट डोळा लेझरनंतरही लांबटच राहतो. त्याचे ताणलेले दृष्टिपटल फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका तसाच राहतो. डोळ्यापुढे एकाएकी काळे ठिपके नाचू लागले, वीज चमकल्यासारखे झाले, एका बाजूने पडदा आला, तर लेझर झालेल्यानेही तडक डॉक्टर गाठला पाहिजे. आणि चाळिशी कुणाला चुकत नाही. वाचण्याचा चष्मा बहुतेकांना पुढे लागतोच.

नोकरीसाठी डोळा

ज्या नोकरीसाठी लेझर करावयाचे, त्या नोकरीचे नियम फारच थोडे उमेदवार आधी वाचतात. रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलेले असते, की लॅसिक किंवा नंबर घालविण्याची अन्य शस्त्रक्रिया झालेला उमेदवार अपात्र आहे. म्हणजे इंजिनवर चढण्यासाठी ज्याने डोळे तासून घेतले, त्याला त्याच कारणासाठी खाली उतरविले जाते. भारतीय वायुदलाच्या नियमांत लेझर चालते, पण ते विसाव्या वर्षाआधी झालेले नको, त्याला बारा महिने उलटलेले हवेत, पूर्वीचा नंबर सहाहून अधिक नको, आणि उरलेला पडदा ४५० मायक्रॉनहून कमी नको, अशी कलमे आहेत. नियम खात्याखात्याचे निराळे आणि बदलणारे. म्हणून त्या वर्षीची जाहिरात मुळातून वाचावी. अकादमीतल्या मित्राच्या सांगण्यावर डोळा पणाला लावू नये.

कामधंद्यासाठी शरीरावर शस्त्र चालविण्याचे परिणाम बीड जिल्ह्याने एकदा पाहिले आहेत. २०१९ साली ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. हंगामात खाडा पडू नये, या धास्तीने कित्येकींनी हा मार्ग पत्करला होता, आणि पुढे काय सोसावे लागेल हे त्यांना कुणी नीट सांगितले नव्हते. लेझरची तुलना त्या अनर्थाशी करणे अन्यायाचे होईल. पण पोटाच्या निकडीपायी घाईने अंगठा उठविण्याची रीत तीच, आणि ती त्या आयांच्या मुलांनी तरी मोडावी.

टेबलावर निजण्यापूर्वी

मग करावे काय? अठराच्या आत लेझरचे नाव काढू नये, आणि नंबर निदान वर्षभर तरी स्थिर राहिलेला असावा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरीत असाल, तर तपासणीपूर्वी डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या काढून ठेवाव्यात. माझ्या पडद्याची जाडी किती, त्याचा नकाशा निर्दोष आहे काय, शस्त्रक्रियेनंतर पाया किती उरेल, हे तीन प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्यावीत. बाहुली अंधारात किती मोठी होते आणि अश्रू पुरेसे आहेत काय, हेही पाहून घ्यावे. संमतिपत्र इंग्रजीत असेल तर ते मराठीत समजावून घेतल्याखेरीज सही करू नये. शक्य असेल तर तपासणीनंतर आठ दिवस घरी येऊन विचार करावा. ज्यांचा धंदा सचोटीचा आहे, ते डॉक्टर आठ दिवसांनी रागावत नाहीत.

शस्त्रक्रिया झालीच, तर आधीचे सर्व कागद सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखे जपून ठेवावेत. पुढे म्हातारपणी मोतीबिंदू काढताना आत बसवावयाच्या भिंगाचे गणित या तासलेल्या पडद्यामुळे चुकू शकते. जुने आकडे हाती असले तर डॉक्टरांना मोठी मदत होते. काचबिंदूसाठी डोळ्यातील दाब मोजतानाही पातळ पडद्यामुळे तो खऱ्याहून कमी भरतो. म्हणून कोणत्याही नव्या डॉक्टरला पहिले वाक्य हेच सांगावे, की माझे लेझर झाले आहे.

आणि नाकावरच्या चष्म्याबद्दलही दोन शब्द. तो पावसात भिजतो, धावताना घसरतो, मुलगी पाहावयास आलेल्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पाडतो, हे सारे खरे. पण तो रात्री काढून ठेवता येतो आणि नंबर बदलला की बदलता येतो. लेझर केलेला पडदा असा उतरवून ठेवता येत नाही. हा भेद पुरता उमजून जो लेझर करून घेईल, त्याने ते खुशाल करावे.