पीएचपीमध्ये नको असलेली अक्षरं कशी काढायची?

परभणी जिल्ह्यातल्या सेलूचा पिनकोड 431503. पण फॉर्म भरताना कुणी '431 503' लिहितं, कुणी '431-503'. मग डेटाबेसमध्ये 431503 शोधलं की या नोंदी सापडतच नाहीत.

नको असलेलं चिन्ह आहे का, हे पीएचपी 8 मधलं 'स्ट्र_कंटेन्स' सांगतं. 'स्ट्र_रिप्लेस'ला स्पेस आणि डॅशचा ॲरे द्या, बदली रिकामी स्ट्रिंग द्या. मूळ स्ट्रिंग बदलत नाही, म्हणून उत्तर व्हेरिएबलमध्ये ठेवा.

मराठी नावांना मात्र जपा. यूटीएफ-8 मध्ये 'सेलू' म्हणजे 4 चिन्हं, 12 बाइट. 'स्ट्रलेन' 12 सांगतं, 'एमबी_स्ट्रलेन' 4. नुसता 'स' काढला तर त्याची मात्रा मागे लोंबकळत राहते. काढायचंच असेल तर मात्रेसकट 'से' काढा.