स्थिर हात, रेखीव छायाचित्र

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेणी हे उपनगरांतील कुटुंबांचे सुट्टीचे आवडते स्थळ. शंभराहून अधिक लेण्यांपैकी तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात पाऊल टाकताच लख्ख ऊन मागे राहते आणि मंद उजेड उरतो. तेथे काढलेली आजी-आजोबांची छायाचित्रे पुष्कळदा पुसट येतात. ट्रायपॉड हवा होता, असे मग वाटते. परंतु संरक्षित स्मारकात तो लावण्यास पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. मग हाती धरलेल्या कॅमेऱ्याने रेखीव छायाचित्र निघतच नाही काय?

1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली, तेव्हा एका छायाचित्रासाठी काही सेकंद लागत. कॅमेऱ्याला स्टँड अपरिहार्य होता. पुढे फिल्मच्या काळात एक साधा नियम रूढ झाला : भिंग 50 मिलिमीटरचे असेल, तर शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून अधिक वेळ उघडे ठेवू नये. 1995 साली कॅननने एसएलआर कॅमेऱ्यासाठी हाताचा कंप सावरणारे भिंग आणले. आज अशी सोय अनेक मोबाइलांतही असते. तिने तीन पायऱ्यांची सवलत दिली, तर तोच अवधी सेकंदाच्या सहाव्या भागापर्यंत वाढवता येतो.

ही सवलत केवळ हाताच्या कंपासाठी आहे, समोरच्या माणसाच्या हालचालीसाठी नव्हे. पाषाणातील मूर्ती निश्चल असल्याने सेकंदाच्या सहाव्या भागातही रेखीव उमटते. धावणारा नातू त्याच अवधीत पुसट होतो. त्याच्यासाठी सेकंदाचा अडीचशेवा भाग योजावा आणि आयएसओ वाढवावा. छायाचित्र थोडे रवाळ होईल, पण रवाळ छायाचित्रात चेहरा ओळखू येतो. हललेल्या छायाचित्रात तो हरवतो.

बाकीचे काम शिस्तीचे. भिंग मऊ कापडाने पुसावे, पायांत थोडे अंतर ठेवावे, कोपरे बरगड्यांशी टेकवावीत, श्वास सोडता सोडता बटण हळुवार दाबावे. एकावर न थांबता लागोपाठ चार-पाच छायाचित्रे घ्यावीत. आजींना आतल्या काळोखात उभे करण्यापेक्षा व्हरांड्याच्या उजेडात बसवावे.

वर्षीतपाचे पारणे असो वा मुलीची पाठवणी, तेथे ट्रायपॉड मांडण्यास जागा नसते आणि प्रसंग पुन्हा घडत नाही. तेव्हा ही सवय आधीच, घरच्या खिडकीशी, जडवून घेतलेली बरी.