जुना शेपर भंगारात घालण्यापूर्वी

मुळशी तालुक्यात नांदे, लवळे, पिरंगुट या बाजूला फिरताना एखाद्या शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेला जुना शेपर नजरेस पडतो. मालकापुढे सवाल एकच असतो. किलोवर भंगारवाल्याला द्यावा की उभा करावा? नांदे येथील एका ओळखीच्या कारागिराने असाच एक अठरा इंची शेपर उभा केला. पुलीत चावीगाळा पाडण्यासाठी त्याला दर वेळी माल बाहेर पाठवावा लागे. मजुरी जाई ती जाई, वर दोन दिवस गिऱ्हाईक खोळंबे.

मी पडलो कापडाचा व्यापारी. पण भिवंडीच्या मागवाल्यांशी व्यवहार असल्याने जुन्या लोखंडाची थोडी पारख आहे. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग तिथे दुरुस्त होऊन वर्षानुवर्षे चालले.

शेपर 1836 साली स्कॉटिश जेम्स नॅस्मिथने बनवला. रॅम पुढे जाताना टूल कापते, मागे येताना रिकामे येते. परतीची खेप लवकर व्हावी अशी आत क्रँक आणि रॉकरची रचना असते. आपल्या देशात पंजाबातील बटाला या यंत्रासाठी प्रसिद्ध झाले. ढिगाने माल काढायचा तर मिलिंग आणि सीएनसीपुढे शेपर टिकत नाही, हे कबूल केले पाहिजे. पण एक-दोन नगांच्या कामात, डव्हटेलला किंवा चावीगाळ्याला, तो आजही परवडतो. टूल म्हणजे एचएसएसचा एक तुकडा. बोथट झाला की आपल्याच ग्राइंडरवर धार लावावी.

घेताना ताज्या रंगावर जाऊ नये. कापडाला खळ जास्त असली की आम्ही आधी ते चोळून पाहतो, तसेच इथे. रंगाखाली बिडाची तड लपलेली असते. टेबलाचा आधार आणि वाइसचे बूड नीट पाहावे. झाकण काढून बुल गिअरचे दात आणि रॉकरमधला सरकता ठोकळा तपासावा. मग रॅम पूर्ण पुढे काढून तोंडाशी वर-खाली हलवून पाहावे.

गंज काढायला डिझेल, चिंध्या आणि सबुरी लागते. सरकणाऱ्या पृष्ठांवर हँड ग्राइंडर कधीही फिरवू नये. पाच मिनिटांत उस्तादाने हाताने केलेले स्क्रॅपिंग पुसले जाते. तेलाची भोके तारेने मोकळी करावीत. पुष्कळ शेपर तेलावाचून मेलेले असतात, कामाने नव्हे.

खरी मेख जिबपट्टीत आहे. बहुतेकांचे काम आखूड स्ट्रोकचे, म्हणून रॅमची वाट मध्येच जास्त झिजते. मध्ये रॅम ढिला लागला म्हणून पट्टी तिथे आवळली, तर टोकाला गेल्यावर तो अडकतो. झीज सर्वांत कमी जिथे, तिथे पट्टी बसवावी आणि मधला किंचित ढिलेपणा सोसावा. तो सोसत नसेल तर जाणत्या माणसाकडून निळी शाई लावून स्क्रॅपिंग करून घ्यावे. हे काम यूट्यूबवर पाहून येत नाही.

आता चालवणे. स्ट्रोक जॉबपेक्षा थोडा लांब ठेवावा. टूल कापू लागण्यापूर्वी बारा-पंधरा मिलिमीटर आणि पलीकडे पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा पुरते. फीड परतीच्या वेळी पडते की नाही हे पाहावे. कापताना टेबल सरकत असेल तर फीडची पिन उलट बाजूला घ्यावी. नरम पोलादावर वीस मीटरचा वेग धरला तर दीडशे मिलिमीटरच्या स्ट्रोकला मिनिटाला साधारण ऐंशी फेऱ्या येतात, तीनशेला चाळीस. जुन्या यंत्राला सुरुवातीला त्याच्या निम्म्याच द्याव्यात.

टूल धरणारी क्लॅपरची झडप परतताना मोकळी उचलली गेली पाहिजे, नाहीतर टूल जॉबवर घासत येते आणि धार जाते. पुलीच्या आत चावीगाळा कापताना मात्र टूल उचलायला जागा नसते, म्हणून तिथे झडप बांधून ठेवतात.

बटण दाबण्यापूर्वी यंत्राची एक पूर्ण फेरी हाताने फिरवावी. रॅमसमोर उभे राहू नये, नेहमी बाजूला राहावे. रॅम मागेही तितकाच बाहेर येतो, तेव्हा मागची भिंत आणि तिथून ये-जा करणारे पोर दोन्ही लक्षात असावे. कुर्त्याच्या सैल बाह्या नकोत. चालू यंत्रावर माप घेऊ नये, बुरा हाताने झाडू नये.

नांदे येथील त्या कारागिराने पहिले काम गिऱ्हाइकाचे घेतले नाही. बिडाचा एक रद्दी ठोकळा घेऊन त्याच्या चार बाजू काढल्या, गुण्या लावून पाहिला आणि वाइसचा जबडा पुन्हा सरळ केला. दुसऱ्या ठोकळ्याला गुण्या बसला, तेव्हा पुली चढवली.