अंबॅसिडरची नखरेल चुलत बहीण

हेक्टर आणि ॲस्टर या एमजीच्या गाड्या आता पुण्या-मुंबईत सिग्नलसिग्नलला दिसतात. पण जगभरचे गाडीवेडे ज्या एमजीवर जीव टाकतात ती वेगळीच. दोन सीटा, कापडी हूड, जमिनीला टेकायला आलेलं बूड आणि उभी असेल तिथे तेलाचा एखादा थेंब. तिचं नाव एमजीबी. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमध्ये 1962 ते 1980 या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या.

आता गंमत ऐका. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. आपली अंबॅसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डचा भारतीय अवतार. नातं नुसतं नावापुरतं नाही. अंबॅसिडरचं जुनं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं 1798 सीसीचं इंजिन एकाच घराण्यातली, ‘बी-सीरिज’ची. या घराण्याने आपल्याकडे टॅक्स्या ओढल्या, मंत्री ओढले, लग्नाची वऱ्हाडं ओढली. तिकडे त्यालाच दोन कार्बोरेटर लावून, वर लाल रंग मारून पोरं समुद्रकिनारी फिरायला निघाली.

घराणं एवढं राबणारं, मग एमजीबी बंद का पडते?

इंजिनामुळे फारशी नाही. कास्ट आयर्नचं ते धूड सहसा दगा देत नाही. दगा देतात त्याच्याभोवतीची चिल्लर मंडळी, आणि त्यांत पहिला मान विजेचा. वायरिंगचा माल ल्युकस कंपनीचा. इंग्रज मालकांनी तिला ‘अंधाराचा राजपुत्र’ अशी पदवीच देऊन टाकली होती. ल्युकसच्या दिव्याच्या बटणाला म्हणे तीनच जागा असतात : बंद, मिणमिण आणि लुकलुक. इंग्रज लोक बिअर कोमट का पितात? कारण त्यांचा फ्रिजही ल्युकसचा!

विनोद फर्मास असले तरी थोडे अन्यायाचे आहेत. बहुतेक वेळा खरा गुन्हेगार असतो गंजलेला जोड किंवा सैल अर्थिंग. सुरुवातीच्या एमजीबीत अख्ख्या गाडीला कामाचे फ्यूज दोनच होते आणि हेडलाइटला तर एकही नव्हता. बॅटऱ्या मात्र दोन, सहा-सहा व्होल्टच्या, सीटमागच्या फळीखाली दडवलेल्या. तिथे वाकून पाणी तपासायचा कंटाळा कोणाला येणार नाही? शिवाय 1967 पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे, म्हणजे आजच्या बरोबर उलट. हे न बघता कोणी हौसेने नवा स्टिरिओ लावला, तर पहिल्या गाण्याआधीच धूर.

हातोडीचा औषधोपचार

माझ्या मते या गाडीचा सगळ्यात लाडका पार्ट म्हणजे तिचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप. किल्ली फिरवली की मागून आवाज येतो : टक-टक-टक-टक. कार्बोरेटरच्या वाट्या भरत आल्या की टकटक मंदावते आणि थांबते. मग स्टार्टर मारायचा. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर पंपाच्या आतल्या पॉइंटवर काजळी धरते, आणि किल्ली फिरवून कान लावला तरी मागे सगळं शांत. यावर जगन्मान्य इलाज एकच. मागच्या उजव्या चाकाजवळ वाकायचं आणि पान्याच्या दांड्याने पंपाला बेताची टिचकी द्यायची. टक-टक पुन्हा सुरू! मालकिणीने सँडलच्या टाचेने हे काम केल्याच्या कथाही भरपूर आहेत.

कार्बोरेटरचं पथ्यही असंच घरगुती. डोक्यावरचं छोटं टोपण फिरवून काढायचं, आत चमचाभर तेल सोडायचं, टोपण बंद. तेल आटलं असेल तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर अडखळते, मग पळते. निदान कानाने होतं आणि उपचार हाताने. आजची गाडी बिघडली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि पुढचं काय ते लॅपटॉपवाल्याला कळतं. म्हणूनच ‘भरवशाची’ हा शब्द मी एमजीबीला बिनधास्त लावतो. ती बिघडते खरी, पण काय दुखतंय ते सांगून बिघडते.

तीन वायपर आणि कोरी बॉडी

अमेरिकेच्या कायद्याने काचेचा ठरावीक भाग पुसला गेलाच पाहिजे असं ठरवलं. एमजीबीची काच रुंद पण बुटकी. मोठे वायपर बसेनात, म्हणून अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांना सरळ तीन वायपर लावले. पुढे 1974 मध्ये, पुन्हा अमेरिकी नियमांपायी, चकचकीत क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी जबडे आले आणि गाडी उंचही झाली. त्यावरून शौकिनांची भांडणं अजून चालू आहेत. (मी क्रोमवाल्यांच्या बाजूने आहे.)

हिचा खरा शत्रू गंज. पण त्यावरही तोड निघाली. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने 1988 पासून एमजीबीची कोरी करकरीत बॉडी बनवायला घेतली. म्हणजे गाडी पन्नास वर्षांची आणि पत्रा नवा.

अठ्ठेचाळीस लाख किलोमीटर

जुन्या गाडीच्या भरवशाचा विषय निघाला की न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या अर्व्ह गॉर्डन या शाळामास्तरांचं नाव घ्यावंच लागतं. त्यांनी 1966 मध्ये व्हॉल्व्हो पी1800एस घेतली आणि पहिल्या दोन दिवसांतच 1500 मैल हाणली. 2013 मध्ये अलास्कात तिच्या मीटरने 30 लाख मैल पार केले. म्हणजे चंद्रावर जाऊन परत यायच्या सहा फेऱ्या! गुपित विचारलं तर मास्तर मास्तरांसारखंच उत्तर देत : पुस्तकात लिहिल्याप्रमाणे वेळेवर तेल बदला. अशा गाड्या पळवण्यापेक्षा उभ्या ठेवल्यानेच जास्त खराब होतात. सील वाळतात, टाकीत गंज धरतो, ब्रेक चिकटतात.

इंग्रजी मजा हवी पण टिचक्या नकोत, हा हट्ट पुरवला जपान्यांनी. माझदाची एमएक्स-5 ही 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात आली, 2016 मध्ये तिने दहा लाखांचा आकडा गाठला आणि दोन सीटांच्या स्पोर्ट्‌स गाड्यांत विक्रीचा गिनेस विक्रमही तिच्याच नावावर आहे. आता तीही क्लासिक झाली. पहिल्या पिढीच्या गाड्या माझदाने जपानमध्ये स्वतःच नव्यासारख्या करून द्यायला घेतल्या.

वेगाचं म्हणाल, तर एमजीबीला शंभरी गाठायला बारा-तेरा सेकंद लागतात. आजची साधी हॅचबॅकही तिला मागे टाकेल. पण पाय लांब पसरून, रस्त्यापासून वीतभर उंचीवर, डोक्यावर उघडं आभाळ घेऊन बसलं की साठचा वेगही शंभराचा वाटतो. चलान मात्र साठचंच!

आपल्याकडे 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीचे 20,000 रुपये. त्या बदल्यात गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशाच कामांपुरती मुभा. आता पेट्रोल भरायला ठाण्याहून निघून लोणावळ्याचाच पंप का गाठला, याचं उत्तर ज्याने त्याने तयार ठेवावं.